गाणे मान्य झाले, गाणारा कधी होणार?

आमच्या वस्तीतल्या विहारातली बुद्धमूर्ती थायलंडहून आलेली आहे. महाराष्ट्रात अशा मूर्ती असलेली विहारे आता ठिकठिकाणी सापडतात. २०२३ च्या सुरुवातीला परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे थाई भिक्खूंची पदयात्रा निघाली होती, हेही वाचकांच्या स्मरणात असेल. थायलंड म्हटले की आमच्या माणसांच्या डोळ्यांसमोर हे येते. ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांना बँकॉकची दुकाने आणि पट्टायाचा समुद्रकिनारा आठवतो. पण त्या देशात शेतात राबणारा माणूस कोण आहे, बँकॉकच्या उंच इमारतींच्या परांचीवर चढणारा मजूर कुठून येतो, दिवसभर घाम गाळल्यावर तो कोणती गाणी ऐकतो, याची चौकशी आम्ही सहसा करीत नाही. धम्माच्या नात्याने जो देश आपल्याला जवळचा वाटतो, त्या देशातल्या कष्टकऱ्याची ओळख करून घेणे हेही आपलेच काम आहे. कष्टकऱ्याची ओळख सरकारी पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळते, ती त्याच्या गाण्यात मिळते. म्हणून आज थायलंडच्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या गाण्याविषयी लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

थायलंडच्या नकाशातला ईशान्येचा भाग पाहा. वीस प्रांतांच्या या मुलखाला 'इसान' म्हणतात. देशाची जवळपास एक तृतीयांश जमीन आणि जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या इथे आहे. हा शब्द आपल्याला परका नाही. तो आपला 'ईशान'च आहे. उबोन रात्चाथानी या तिथल्या शहराच्या नावातली 'राजधानी'ही मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पण एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. ईशान्य म्हणजे कोणाच्या ईशान्येला? उत्तर उघड आहे, बँकॉकच्या! या मुलखाला तिथल्या माणसांच्या भाषेचे नाव मिळाले नाही, त्यांच्या नदीचेही मिळाले नाही. राजधानीत बसलेल्या राज्यकर्त्याला तो ज्या दिशेला दिसत होता, ती दिशाच त्याचे नाव झाली.

हे नाव का द्यावे लागले? इसानमधले बहुसंख्य लोक मुळात लाओ भाषा बोलणारे. मेकाँग नदीच्या पलीकडे लाओस नावाचा स्वतंत्र देश आहे. पण लाओ बोलणारी माणसे त्या देशात आहेत त्याहून अधिक नदीच्या अलीकडे, थायलंडमध्ये आहेत. १८२७ मध्ये व्हिएन्टियानचा राजा अनुवोंग याने सयामविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढताना सयामच्या फौजांनी व्हिएन्टियान शहर बेचिराख केले आणि हजारो माणसे हाकून नदीच्या अलीकडे आणून वसवली. १८९३ मध्ये फ्रेंचांनी मेकाँगच्या डाव्या तीरावरचा मुलूख सयामकडून घेतला. नदी ही सीमा झाली आणि एकच भाषा बोलणारे लोक दोन राज्यांत वाटले गेले. उरलेल्या लाओ मुलखावरही फ्रेंच हक्क सांगतील, ही बँकॉकला भीती होती. त्यामुळे 'लाओ' हा शब्दच पुसून टाकण्याचे धोरण आले. 'लाओ काओ' नावाच्या प्रशासकीय विभागाचे नाव बदलत बदलत १९०० मध्ये 'इसान' झाले. पुढे १९३९ मध्ये फिबुन सोंगक्राम यांच्या राजवटीत सयामचे नाव थायलंड ठेवण्यात आले आणि त्याच वर्षी दुसरे फर्मान निघाले. उत्तरेचे थाई, ईशान्येचे थाई असे काही म्हणायचे नाही. सगळे फक्त थाई. कागदावर ही समता दिसते. प्रत्यक्षात घरची भाषा शाळेत बोलली म्हणून पोरांना शिक्षा होऊ लागली.

पण शब्द पुसला तरी सूर पुसता येत नाही. याची जाणीव राज्यकर्त्यांना फार आधीपासून होती. लाओ लोकांचे 'खेन' नावाचे एक वाद्य आहे. बांबूच्या बारीक नळ्यांच्या दोन रांगा एका लाकडी पेटीत बसवलेल्या असतात. नळ्या बहुधा सोळा, प्रत्येक नळीत धातूची पातळ पट्टी. वाजवणारा श्वास सोडतानाही सूर निघतो आणि घेतानाही निघतो, त्यामुळे आवाज तुटत नाही. एकाच माणसाच्या ओंजळीत पेटी आणि बासरी एकत्र यावी, तसे हे वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या खेनने बँकॉकच्या लोकांनाही वेड लावले. खुद्द राजा मोंकुट यांचे धाकटे बंधू, दुसरे राजे पिनक्लाओ, खेनचे शौकीन होते. तेव्हा १८६५ मध्ये मोंकुट यांनी फर्मान काढून लाओ गाण्याबजावण्याला मनाई केली. त्याचे कारण वाचण्यासारखे आहे. लाओ हे सयामी लोकांचे सेवक आहेत, सयामी लोक कधी लाओंचे सेवक नव्हते, मग सेवकांची कला धन्यांनी का उचलावी, असा त्याचा आशय होता. या गाण्यामुळे पाऊस कमी पडतो, असाही ठपका ठेवला गेला.

हे मोंकुट कोणी अडाणी राजे नव्हते. गादीवर येण्यापूर्वी ते सत्तावीस वर्षे भिक्खू होते, पालीचे पंडित होते, संघाच्या सुधारणेसाठी त्यांनी नवा पंथ उभा केला. तरीही बांबूच्या नळीतून निघणाऱ्या सुरात त्यांना धनी आणि सेवक दिसले. धम्म स्वीकारलेल्या समाजातही उच्चनीचता मागच्या दाराने कशी शिरते, याचे हे उदाहरण आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे.

खेनच्या साथीने जे गायले जाते ते 'मोलाम'. 'मो' म्हणजे जाणकार. वैद्यालाही तिकडे 'मो'च म्हणतात. 'लाम' म्हणजे गाणे. जो गाण्यात जाणकार तो मोलाम. जुन्या पद्धतीत एक पुरुष आणि एक स्त्री समोरासमोर उभे राहून रात्रभर सवालजवाब करीत. त्यात प्रेमाची छेडछाड असे, जातककथा असत, धम्माचे प्रश्न असत, शेतीपावसाच्या गोष्टी असत. वेस्संतर जातकाच्या पठणाचा उत्सव इसानमध्ये दरवर्षी गावोगावी होतो. त्या मुलखात विहाराचे आवार आणि गाण्याचा मांडव हे एकमेकांचे शत्रू नाहीत.

मोलामची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. लाओ भाषेत शब्दाचा अर्थ स्वरावर ठरतो. तोच उच्चार चढता म्हटला तर एक अर्थ, उतरता म्हटला तर दुसरा. मोलामची चाल या शब्दांच्या चढउतारातूनच घडते. आधी चाल ठरवायची आणि मग तिच्यात शब्द बसवायचे, असे तिथे नसते. शब्दच चालीला वळण देतात. याचा अर्थ काय? भाषा काढून घेतली तर गाणे उरतच नाही. बँकॉकच्या प्रमाण थाईत मोलाम गायला गेले की त्याची चाल मोडते. शाळेत ज्या भाषेला बंदी, ती भाषा या गाण्याच्या हाडामासात होती. म्हणून पोरांना वर्गात शिक्षा होत राहिली आणि रात्री मांडवात तीच भाषा मानाने गात राहिली.

सत्तेला या गाण्याची धास्ती वाटावी अशी वेळही आली. १९०१-०२ मध्ये उबोनच्या परिसरात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. नव्या करांनी आणि बँकॉकहून आलेल्या अधिकाऱ्यांच्या जाचाने लोक गांजले होते. लवकरच 'पुण्यवान' पुरुष प्रकटतील, खडे सोन्याचे होतील आणि सोन्याचे खडे होतील, अशी भाकिते गावोगाव पसरली. ती पसरवण्यात मोलाम गायकांचाही हात होता. या भाकिताचा अर्थ नीट पाहा. गरीब माणूस गरीब का, तर त्याचे मागच्या जन्मीचे पुण्य कमी, असे त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले होते. तोच माणूस आता म्हणत होता की पुण्यवान आम्हीच आहोत! सरकारने त्यांच्या 'पुण्यवान' या शब्दाची मोडतोड करून 'भूत' या अर्थाचा शब्द त्याला जोडला आणि त्याच नावाने हे बंड इतिहासात नोंदवले. १९०२ मध्ये बंदुकांपुढे शेकडो शेतकरी पडले. गाणी मात्र मेली नाहीत.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. मोलाम हे गावचे गाणे. पण थायलंडभर ज्या गाण्याला खेड्याचे गाणे म्हणतात, ते 'लूक थुंग' बँकॉकच्या रेडिओवर आणि ध्वनिमुद्रिकांवर वाढले. लूक म्हणजे लेकरू, थुंग म्हणजे शेतशिवार. शेताची लेकरे! याच्या समोर 'लूक क्रुंग', म्हणजे शहराची लेकरे. शहरी गाणे मऊ, पाश्चात्त्य वाद्यमेळावर बेतलेले, शुद्ध उच्चारांचे. शेताच्या लेकरांचे गाणे गळ्यातून हेलकावे घेणारे, गावाकडचा हेल न लपवणारे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या गाण्यांना 'बाजारगाणी' म्हणत, आणि त्यात हिणवणी होती. १९६४ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमासाठी चामनोंग रांगसिकुन यांनी 'लूक थुंग' हे नाव योजले आणि तेच रूढ झाले.

या गाण्याचा राजा म्हणून सुराफोन सोम्बत्चारोन यांचे नाव घेतले जाते. १९३० मध्ये मध्य थायलंडच्या सुफानबुरीत जन्मलेला हा माणूस हवाई दलाच्या वाद्यवृंदात होता. त्यांच्या अगदी पहिल्या गाण्याचे शीर्षक 'लाओ विएंगचे अश्रू' या अर्थाचे आहे. लाओ विएंग म्हणजे व्हिएन्टियानहून उचलून मध्य सयाममध्ये वसवलेल्या लाओंचे वंशज. लूक थुंगच्या राजाची सुरुवात अशा विस्थापितांच्या नावाने व्हावी, हा आम्हाला केवळ योगायोग वाटत नाही. १९६८ च्या ऑगस्टमध्ये एका कार्यक्रमानंतर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. त्यांच्यामुळे सुफानबुरीचा गावठी हेल साऱ्या देशाच्या कानात बसला. त्या हेलात गायल्याशिवाय लूक थुंग खरे वाटत नाही, असा दंडकच पडला. ज्या उच्चाराला शहरात हसत होते, तो उच्चार गाण्यात प्रमाण ठरला. ही लहान गोष्ट नव्हे.

१९७० मध्ये 'मोनराक लूक थुंग' हा चित्रपट आला. तो बँकॉकमध्ये सहा महिने चालला. पण त्या पडद्यावरचे खेडे कसे होते? हिरवेगार, हसतेखेळते, सुगीने भरलेले. खऱ्या इसानमध्ये त्या वेळी काय होते? रेताड आणि काही ठिकाणी खारवट जमीन, पावसाच्या भरवशावरचे एकच पीक. रोई एत, सुरिन, यासोथोन या प्रांतांत पसरलेल्या एका विस्तीर्ण माळाचे नावच 'थुंग कुला रोंगहाय', म्हणजे कुला लोकांना रडवणारे रान. व्यापार करीत फिरणाऱ्या कुलांनाही जो माळ ओलांडताना रडू कोसळले तो हा माळ, अशी दंतकथा आहे. आज याच माळावरचा सुगंधी तांदूळ जगभर विकला जातो. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र चिकट भात, तिखट चटणी आणि आंबवलेली मासळी असते. त्या मासळीच्या वासावरूनही त्याला शहरात नाके मुरडली गेली.

अशा मुलखातून माणसे बाहेर पडणारच. १९५८ मध्ये अमेरिकेच्या पैशातून मध्य थायलंड आणि कोरात यांना जोडणारा 'मैत्री महामार्ग' झाला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात उदोन, उबोन, कोरात, नाखोन फानोम इथे अमेरिकी विमानतळ उभे राहिले. त्या रस्त्याने सैन्याचे सामान वर गेले आणि इसानची तरणीताठी पोरे खाली उतरली. ती बँकॉकमध्ये टॅक्सी चालवू लागली, विटा वाहू लागली, कापड कारखान्यात रात्रपाळी करू लागली, दुसऱ्यांची घरे झाडू लागली. पुढे सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सौदी अरेबियात मजुरीला गेलेल्यांतही मोठा भरणा इसानचाच होता.

आणि इथे दोन धागे एकत्र आले. गावचे मोलाम आणि रेडिओचे लूक थुंग. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गीतकार सुरिन फाक्सिरी यांनी अंगखनांग खुनचाई या कोवळ्या वयाच्या मोलाम गायिकेकडून चित्रपटासाठी गाणे गाऊन घेतले. त्यात लूक थुंगची बांधणी होती आणि मोलामचा गळा होता. ते देशभर गाजले. मग ही रीतच पडली. कडवे प्रमाण थाईत, कारण ते साऱ्या देशाला कळायला हवे. आणि जिथे गहिवर अनावर होतो तिथे गाणारी एकदम आपल्या घरच्या इसानी बोलीत शिरते. ज्याने घर सोडून परगावी काम केले आहे त्याला हे लगेच कळेल. मालकाशी बोलताना एक भाषा आणि आईशी फोनवर बोलताना दुसरी. या गाण्यांनी दोन्ही भाषा एका गाण्यात आणल्या आणि त्यांतली आईची भाषा जाहीरपणे उच्चारली.

मोलामचे फडही मोठे झाले. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखेच, पण त्याहून कितीतरी मोठे. मालमोटारींच्या रांगा, प्रचंड रंगमंच, पिसांचे मुकुट घातलेल्या नर्तकींचे ताफे, विजेवर वाजणारी 'फिन' नावाची तंतुवाद्ये. वर्षावास संपला की फड बाहेर पडतात आणि पुढचा वर्षावास लागेपर्यंत गावोगाव रात्र रात्र गातात. लोक नोटा टाचलेले हार गाणाऱ्याच्या गळ्यात घालतात. कित्येक घरांची चूल या फडांवर चालते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या बंदीने फड थांबले, तेव्हा त्या चुलीही विझल्या.

या साऱ्या इतिहासात एक नाव सर्वांहून ठळक आहे. फुम्फुआंग दुआंगचान. १९६१ मध्ये मध्य थायलंडच्या गरीब घरात, बारा भावंडांत जन्मलेली ही मुलगी. शाळा दुसरीतच सुटली आणि ती उसाच्या फडात राबू लागली. उसाच्या फडातले बालपण काय असते, हे आमच्या मराठवाड्यातल्या वाचकाला सांगावे लागत नाही. तिला धड लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी ऐकून ऐकून पाठ करायची आणि एकदा पाठ झाली की विसरायची नाही. 'दुआंगचान' म्हणजे चंद्र. त्यातला 'चान' हा आपला चंद्रच. कारखान्यातल्या मुली, मोलकरणी, शेतमजूर बाया यांनी तिच्या गाण्यात स्वतःला पाहिले. १९९२ मध्ये वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी आजाराने तिचा मृत्यू झाला. राजकन्येच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले आणि गर्दीला अंत नव्हता. सुफानबुरीतल्या विहाराच्या आवारात तिचे पुतळे आहेत. गरीब माणसे तिथे येऊन लॉटरीच्या आकड्यासाठी कौल मागतात. याला अंधश्रद्धा म्हणायचे तर म्हणा, आम्हीही म्हणतो. पण ज्या माणसाकडे बढती नाही, बचत नाही, निवृत्तिवेतन नाही, तो नशीब मागायला आपल्यातल्याच एका ऊसतोड मजूर मुलीकडे जातो, यातले दुःखही पाहायला हवे.

इथपर्यंत येता येता सत्तेनेही पवित्रा बदलला. १९८९ आणि १९९१ मध्ये 'लूक थुंगचे अर्धशतक' या नावाने सरकारी आशीर्वादाने सोहळे झाले. राजकन्या सिरिंधोर्न यांनी 'सोम तम' या कच्च्या पपईच्या चटकदार पदार्थावर लिहिलेले गाणे फुम्फुआंगने गायले. इसानच्या घराघरातला तो पदार्थ आता राष्ट्राचा पदार्थ झाला होता. १९९७ मध्ये आर्थिक संकट कोसळले, बँकॉकची परदेशी चैन परवडेनाशी झाली, तेव्हा त्याच वर्षी फक्त लूक थुंग वाजवणारे एफएम केंद्र राजधानीत सुरू झाले. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या या बाजारात उतरल्या. कालपर्यंत ज्याला गावंढळ म्हणत होते त्यालाच आता 'थाईपणाचा आत्मा' म्हणू लागले.

इथे आम्हाला सावध व्हावेसे वाटते. प्रस्थापित समाज एखादी कला डोक्यावर घेतो तेव्हा तो काय घेतो आणि काय मागे ठेवतो, हे तपासावे लागते. २००२ मध्ये उबोनच्या तै ओराथाई या गायिकेचा पहिला संग्रह आला. शीर्षकाचा अर्थ 'सिमेंटच्या जंगलातले गवतफूल'. आम्नात चारोनमधले माजी शाळामास्तर साला खुनावुत यांची लेखणी आणि तिचा आवाज यांनी शहरात एकटी राहून काम करणाऱ्या, काम करता करता शिकू पाहणाऱ्या मुलींना मोठा धीर दिला. उदोनच्या माइक फिरोमफोन यांची तर ओळखच मजुरांचा गायक अशी झाली. या गाण्यांतला श्रमाचा मान खरा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ही बाजारातली गाणी बहुधा काय शिकवतात? धीर धर, कष्ट कर, आईला पैसे पाठव, एक दिवस दिवस पालटतील. मजुरी कमी का, गावात पाणी का नाही, हा प्रश्न कंपनीच्या गाण्यात सहसा येत नाही. सत्तरच्या दशकात 'काराव्हान' या गटाने तो विचारला होता. त्यांच्या गाण्यात इसानचे फिनही होते. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाल्यावर त्या गायकांना जंगलात जावे लागले.

आणि गाणे राष्ट्राचे झाले म्हणून गाणाऱ्याची माणसे राष्ट्राची झाली का? २०१० मध्ये 'लाल सदऱ्यांचे' आंदोलन झाले. त्यात इसानच्या आणि उत्तरेच्या ग्रामीण लोकांचा भरणा होता. निवडणूक घ्या, ही त्यांची मुख्य मागणी. त्यांच्या सभांच्या मंचावर हीच गाणी वाजत. बँकॉकच्या सुखवस्तू वर्गाने त्यांना नाव दिले 'लाल म्हशी'. थाई भाषेत म्हैस म्हणजे मूर्ख. ते आंदोलन चिरडताना नव्वदहून अधिक माणसे मेली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एका ऑनलाइन गप्पांच्या खोलीत इसानच्या लोकांविषयी अशीच गलिच्छ भाषा वापरली गेली आणि देशभर संताप उसळला. गाण्यावर टाळ्या वाजवायच्या आणि त्याच माणसाच्या मताला किंमत नाही म्हणायचे, हा दुटप्पीपणा नाही तर काय आहे?

सवालजवाबाची परंपरा खऱ्या अर्थाने चालवणाऱ्याचे काय होते, तेही पाहा. पतिवत साराईयाम हा खोन केन विद्यापीठात लोककला शिकणारा तरुण मोलाम गायक. एका काल्पनिक राजाच्या नाटकात भूमिका केली म्हणून राजाच्या अवमानाच्या कायद्याखाली २०१४ मध्ये त्याला अटक झाली, २०१५ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये तो सुटला आणि २०२० च्या आंदोलनात पुन्हा मंचावर गेला. २०२१ मध्ये पुन्हा तुरुंग. दुसरीकडे २०१७ मध्ये रोई एतच्या लामयाई हैथोंगखाम या तरुण गायिकेच्या नाचावर खुद्द पंतप्रधान प्रयुत यांनी असभ्यतेचा ठपका ठेवला. लष्करी बंडाने सत्तेवर आलेला सेनापती खेड्यातल्या मुलीला सभ्यता शिकवतो! १८६५ चे फर्मान आणि हा उपदेश यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे, स्वर मात्र तोच आहे.

तरीही नवी पिढी दबलेली नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत इसानच्या तरुणांनी बँकॉकच्या कंपन्यांच्या दारात उभे राहणे कमी केले. गावातच गाणे बांधायचे, गावातच चित्रित करायचे आणि थेट यूट्यूबवर टाकायचे. अशा गाण्यांना कोट्यवधी लोक ऐकतात. २०१७ मध्ये सीसाकेतच्या तरुणांचा 'थाय बान' हा इसानी बोलीतला चित्रपट स्वतःच्या बळावर यशस्वी झाला. त्याच वर्षी युनेस्कोने खेन संगीताची मानवजातीच्या वारशात नोंद केली. नोंद लाओसच्या नावाने झाली, 'लाओ लोकांचे खेन संगीत' या शब्दांत. जो शब्द बँकॉकने नकाशावरून पुसला होता, तो जगाच्या यादीत लिहिला गेला.

अर्थात अस्मितेच्या पोटातही प्रश्न असतात. इसान म्हणजे सारे लाओच नव्हेत. सुरिन, बुरीराम, सीसाकेत या दक्षिणेच्या पट्ट्यात ख्मेर बोलणारे आहेत, कुई लोक आहेत. ख्मेरांचे 'कांत्रुम' नावाचे स्वतःचे सारंगी-ढोलाचे गाणे आहे. बँकॉकने इसानला दुय्यम ठरवले आणि इसानच्या गोंगाटात कांत्रुम दुय्यम ठरले, असे होऊ नये. तसेच रंगमंचावर नाचणाऱ्या मुलींना प्रसिद्धी मिळते. पण फडाचा हिशेब कोणाच्या हातात असतो, हेही विचारले पाहिजे. दुसऱ्याने केलेला अन्याय दिसतो, आपल्या घरातला दिसत नाही, हा दोष कोणत्याही चळवळीला परवडणारा नाही.

पुढच्या वेळी विहारात थायलंडहून आलेल्या मूर्तीपुढे वंदना करताना आम्हाला ही माणसे आठवतील. वर्षावास संपताच मालमोटारीवर सामान चढवणारा फडातला गडी आठवेल. बँकॉकच्या रात्रपाळीत कानात इसानी गाणे लावून शिवणयंत्र चालवणारी मुलगी आठवेल. ज्यांच्या वाद्याला राजाने सेवकांचे वाद्य म्हटले, त्यांनी ते वाद्य खाली ठेवले नाही. ज्यांची भाषा शाळेने चुकीची ठरवली, त्यांनी ती गाण्यात जपली आणि अखेर साऱ्या देशाला गुणगुणायला लावली. गाणे मान्य झाले आहे. आता गाणाऱ्याचे मत, त्याची मजुरी आणि त्याचा प्रश्न मान्य व्हायचा आहे. तो होईपर्यंत थायलंडच्या ईशान्येचे हे गाणे अपुरेच आहे, असे आमचे मत आहे.